एबीएस इशारा दिवा

एबीएस इशारा दिवा हा मोटारीच्या डॅशबोर्डवरील पिवळसर नारिंगी दिवा आहे. अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीममध्ये, म्हणजेच एबीएसमध्ये, बिघाड झाल्याची सूचना तो चालकाला देतो. चावी फिरवल्यावर हा दिवा काही सेकंद लागून विझणे ही यंत्रणेची स्वयंचाचणी होय. त्यानंतरही तो न विझल्यास सहसा एबीएस बंद झालेली असते. भारतात नव्या मॉडेलच्या मोटारींना एप्रिल २०१८ पासून आणि आधीच विक्रीत असलेल्या मॉडेलांना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे.

अर्थ व धोका

केवळ हाच दिवा लागल्यास नेहमीचे ब्रेक सहसा चालू राहतात. मात्र निसरड्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबल्यास चाके जाम होऊन गाडी घसरू शकते व स्टिअरिंग फिरवूनही वळत नाही. सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागल्यास ब्रेक ऑइल कमी होणे किंवा पुढील-मागील चाकांमधील ब्रेकदाबाची वाटणी बंद पडणे संभवते. अशा वेळी गाडी चालवू नये.

कारणे

प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर दातेरी किंवा चुंबकीय कड्यावरून चाकाची गती मोजतो. सेन्सरवर चिखल वा लोखंडी कीस साचणे, कडे गंजणे किंवा तडकणे, वायर तुटणे, कनेक्टरमध्ये पाणी शिरणे आणि बेअरिंग ढिले होणे ही नेहमीची कारणे आहेत. सांगली जिल्ह्यातील ऊसपट्ट्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यांवरून जाणाऱ्या गाड्यांत चाकाजवळील भाग प्रथम तपासणे सोयीचे ठरते. फ्यूज, कमकुवत बॅटरी आणि ब्रेकदिव्याचा स्विच यांमुळेही दिवा लागू शकतो.

कमी खर्चातील निदान

तपासणी स्वस्त गोष्टींपासून सुरू केली जाते. प्रथम ब्रेक ऑइलची पातळी, बॅटरीचा व्होल्टेज, फ्यूज आणि चारही टायरांचा आकार पाहिला जातो. पातळी कमी असल्यास गळती किंवा झिजलेले ब्रेक पॅड शोधावे लागतात. केवळ ऑइल भरल्याने दोष जात नाही.

त्यानंतर स्कॅनरने दोषसंकेत वाचला जातो. अनेक स्वस्त स्कॅनर केवळ इंजिनाचे संकेत वाचतात. त्यामुळे त्या गाडीची एबीएस वाचणारा स्कॅनर आहे का, याची आधी खात्री करावी लागते. उदाहरणार्थ, सी००३५ हा संकेत पुढील डाव्या चाकाच्या सेन्सर-सर्किटशी संबंधित असतो. संकेत सर्किट दाखवतो, निकामी सुटा भाग नव्हे; वायर तुटल्यासही तोच संकेत येऊ शकतो. म्हणून नवा सेन्सर घेण्यापूर्वी वायर, कनेक्टर व कडे तपासले जाते. गाडी हळू चालवताना स्कॅनरवर एका चाकाची गती शून्य किंवा तुटक दिसल्यास दोषाची जागा निश्चित होते.

दोन वायरींच्या जुन्या चुंबकीय सेन्सरचा रोध मल्टिमीटरने मोजता येतो. तो साधारण १ ते २ किलोओहम असतो. नव्या गाड्यांतील सक्रिय सेन्सरला वीजपुरवठा लागतो. त्यावर ही चाचणी उपयोगी नसून सेन्सर बिघडण्याची शक्यता असते.

तपासणीच्या वेळी गाडी केवळ जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवली जाते. दुरुस्तीनंतर संकेत पुसून मोकळ्या जागेत कमी वेगाने चाचणी घेतली जाते. दिव्याची वायर काढून तो विझवल्यास दोष तसाच राहतो आणि पुढील चालकाला त्याची सूचना मिळत नाही.