क्लिपलेस पेडल

क्लिपलेस पेडल हा सायकलच्या पेडलचा (पायडलचा) एक प्रकार आहे. यात स्वाराच्या बुटाच्या तळाला बसवलेली ‘क्लीट’ नावाची लहान पट्टी पेडलमधील स्प्रिंगच्या खाचेत अडकते आणि पाय पेडलला जोडला जातो. टाच बाहेरच्या बाजूस वळवली की ही जोडणी सुटते. साध्या पेडलवरून पाय नुसता उचलता येतो, येथे तो वळवून सोडवावा लागतो. त्यामुळे या पेडलची सवय मुद्दाम करून घ्यावी लागते. सातारा व सांगली जिल्ह्यांतील घाट, माळरान आणि काळ्या मातीच्या वाटांवर माउंटन बाइक चालवताना ही सवय सुरक्षिततेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची ठरते.

नाव

‘क्लिपलेस’ या शब्दाचा अर्थ ‘क्लिप नसलेले’ असा होतो. पाय पेडलमध्ये अडकत असल्याने हे नाव विसंगत वाटते. पूर्वीच्या शर्यतीच्या सायकलींना पायाची बोटे अडकवण्यासाठी धातूचा सांगाडा व चामडी पट्टा असे. त्यास टो-क्लिप म्हणत. नव्या रचनेत ही टो-क्लिप नाहीशी झाल्यामुळे हे नाव रूढ झाले.

इतिहास

बूट पेडलला जोडण्याच्या अशा रचनेचे पेटंट अमेरिकेतील चार्ल्स हॅन्सन यांनी १८९५ मध्ये घेतले होते. इटलीच्या चिनेल्ली कंपनीने १९७१ च्या सुमारास ‘एम-७१’ हे पेडल तयार केले. मात्र त्यातून पाय सोडवण्यासाठी हाताने खटका सरकवावा लागे. फ्रान्सच्या लुक कंपनीने १९८४ मध्ये बर्फावरील स्कीच्या बंधनाचे तत्त्व वापरून केवळ पाय वळवून सुटणारे पेडल आणले. बर्नार्ड हिनॉल्ट यांनी १९८५ ची टूर द फ्रान्स ही पेडल वापरून जिंकल्यानंतर त्यांचा प्रसार वेगाने झाला.

रस्त्यावरील शर्यतींच्या बुटांची क्लीट तळाबाहेर येत असल्याने त्या बुटांनी चालणे अवघड होते. माउंटन बाइकच्या स्वाराला मात्र अनेकदा उतरून चालावे लागते. जपानच्या शिमानो कंपनीने १९९० मध्ये आणलेल्या एसपीडी रचनेत धातूची छोटी क्लीट बुटाच्या रबरी तळातील खोबणीत बसवली. क्लीट दोन स्क्रूंनी बसवण्याची ही पद्धत पुढे माउंटन बाइकच्या बुटांसाठी सर्वमान्य झाली. टाइम व क्रँक ब्रदर्स या कंपन्यांच्या पेडलची यंत्रणा निराळी असल्याने त्यांच्या क्लीट एसपीडी पेडलमध्ये बसत नाहीत.

रचना व कार्य

क्लीटचे पुढचे टोक पेडलच्या पुढील खाचेत घालून चवड्याने खाली दाबले असता मागील स्प्रिंगची पकड उघडते व ‘खट्’ आवाजासह बंद होते. अडकलेल्या अवस्थेतही पाय काही अंश डावी-उजवीकडे फिरू शकतो. ही मोकळीक गुडघ्यावरील ताण कमी करते. टाच या मर्यादेपलीकडे वळली की क्लीट सुटते.

एसपीडी पेडलवर स्प्रिंगचा घट्टपणा कमी-अधिक करण्यासाठी लहान स्क्रू असतो. तो ॲलन कीने फिरवतात. क्लीटचेही दोन मुख्य प्रकार आहेत. एक केवळ टाच आडवी वळवल्यावर सुटते, तर दुसरी पाय तिरकस वर ओढला तरी सुटू शकते. नवशिक्यासाठी दुसरी क्लीट व सैल ठेवलेली स्प्रिंग अधिक सोयीची असते.

उपयोग व मर्यादा

खडबडीत वाटेवर पाय पेडलवरून निसटत नाही, हा या पेडलचा मुख्य फायदा होय. चवडा प्रत्येक वेळी एकाच जागी येतो आणि उभ्या चढावर किंवा दगडांवरून उसळतानाही पेडल मारणे सुरू ठेवता येते. पेडल वर ओढल्याने पुष्कळ अधिक शक्ती मिळते, हा समज मात्र अतिरंजित आहे. पाय जाणीवपूर्वक वर ओढल्यास शरीराची कार्यक्षमता उलट घटते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. त्यामुळे सपाट पेडल वापरणारा स्वार चढावर मागे पडतोच असे नाही.

सवय होण्याची प्रक्रिया

नवीन स्वार बहुधा वेगात नव्हे, तर जवळजवळ थांबलेल्या अवस्थेत पडतो. अचानक थांबावे लागल्यास तो जुन्या सवयीने पाय सरळ वर किंवा मागे ओढतो. क्लीट सुटत नाही आणि सायकल अडकलेल्या पायासह आडवी होते. अशा वेळी हात टेकवून पडणे टाळण्याच्या धडपडीत मनगटाला इजा होऊ शकते.

म्हणून सराव टप्प्याटप्प्याने केला जातो. प्रथम भिंतीला टेकून प्रत्येक पाय अनेकदा अडकवून सोडवतात. नंतर गवताळ मैदानावर हलक्या गिअरमध्ये चालवत, थांबण्यापूर्वी काही अंतर आधीच पाय सोडवण्याची सवय लावतात. पेडल खालच्या स्थितीत असताना टाच वळवणे सोपे जाते. सोडवलेल्या पायाच्या बाजूलाच शरीराचा भार झुकवणे हा या सरावाचा तितकाच आवश्यक भाग आहे. पाय सोडवण्यासाठी विचार करावा लागत नाही, अशी स्थिती आल्यावरच वाहतुकीत किंवा घाटात जाणे योग्य ठरते.

सातारा व सांगली परिसरातील वापर

साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कासकडे जाणारा चढ आणि वाई व पाचगणी यांमधील पसरणी घाट येथे वेग फार कमी होतो. त्यामुळे दमछाक होऊन पाय वेळेत न सुटण्याचा धोका वाढतो. भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्याने साधारणतः डावा पाय आधी सोडवला जातो. उजवीकडे पडल्यास स्वार वाहनांच्या वाटेत येतो. घाटात मात्र डावीकडे गटार किंवा दरी असू शकते, म्हणून दोन्ही पायांचा सराव लागतो. आडव्या उतारावर थांबताना पाय चढाच्या बाजूस टेकतात. उताराच्या बाजूची जमीन खोल असल्याने तेथे पाय पोहोचत नाही.

कास परिसरातील जांभा दगड पावसाळ्यात शेवाळाने निसरडा होतो. उतरून चालताना त्यावर धातूची क्लीट घसरते. कृष्णाकाठच्या कराड, वाळवा व मिरज तालुक्यांतील काळी माती ओली झाल्यावर बुटाच्या खोबणीत घट्ट बसते. मग क्लीट अडकत नाही किंवा अडकलेली सहज सुटत नाही. अशा वेळी काडीने चिखल काढून, क्लीट एकदा अडकवून-सोडवून पाहिल्यावरच पुढे निघणे हिताचे असते. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे वारंवार थांबावे लागते, तेव्हा एक पाय मोकळा ठेवणे सोयीचे पडते. माण, खटाव, आटपाडी व जत या कोरड्या तालुक्यांत, तसेच मिरजेजवळील दंडोबाच्या डोंगरासारख्या ठिकाणी, चिखलापेक्षा सुट्या मुरमाचा व धुळीचा प्रश्न अधिक असतो.

क्लीटची जागा व देखभाल

क्लीट साधारणतः चवड्याच्या फुगीर भागाखाली किंवा किंचित मागे बसवतात. ती तिरकी बसल्यास गुडघा प्रत्येक फेरीत पिळला जाऊन दुखू लागतो. क्लीटचे स्क्रू सैल झाले तर टाच वळवल्यावर बूटच क्लीटवर फिरतो आणि पाय सुटत नाही. म्हणून ते वेळोवेळी तपासावे लागतात. झिजलेली क्लीट कधी अवेळी सुटते, तर कधी अडकून बसते. ती बदलणे हाच त्यावरील उपाय आहे.