मूर्ती लहान, हिशेब महान : छोट्या बिनीच्या फोनची पारख

‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ असे आपण वर्गातल्या चणीने लहान पण हुशार मुलाबद्दल कौतुकाने म्हणतो. मोबाईलच्या बाजारात ही म्हण कितपत खरी ठरते, हे तपासून पाहण्यासाठी हा लेखनप्रपंच. प्रत्येक बड्या कंपनीचा एक बिनीचा फोन असतो. त्याला फ्लॅगशिप म्हणतात. त्याच नावाचा एक छोटा भाऊही बहुधा शेजारी मांडलेला असतो. मोठ्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक दचकले की विक्रेता हळूच छोट्याकडे बोट दाखवतो. तो खरोखर मोठ्याचा सख्खा भाऊ आहे की नुसता आडनावबंधू, हे ओळखायचे कसे?

आरोग्य आणि अर्थ या सदरात मोबाईलचे काय काम, असे कोणी विचारील. पण आज सिंगापुरात आपली बँक फोनात आहे, सिंगपास फोनात आहे आणि मिरजेच्या आईचे रोजचे दर्शनही फोनातच आहे. दिवसाचे कित्येक तास तो आपल्या हातात आणि डोळ्यांसमोर असतो. तेव्हा पैसा आणि प्रकृती या दोन्ही अंगांनी त्याचा विचार व्हायलाच हवा.

मी तुआसला एका कारखान्यात नोकरी करतो. २०१७ साली मेट्रोची ईस्ट-वेस्ट लाईन तुआस लिंकपर्यंत आली, तेव्हापासून आमच्यासारख्यांची सोय झाली. तरीही स्टेशनापासून कंपनीची बस, मग पाळी, मग पुन्हा बस आणि गाडी असा बारा-तेरा तासांचा दिवस होतो. गेले काही महिने मी सॅमसंगचा २०२५ सालचा गॅलॅक्सी एस२५ हा छोटा फोन वापरतो आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याकडे त्याच वर्षीचा एस२५ अल्ट्रा आहे. त्यामुळे दोघा भावांची तुलना रोज डोळ्यांसमोर होत गेली.

सख्खा भाऊ कोणता?

आधी थोडा इतिहास. २०१२ साली सॅमसंगचा गॅलॅक्सी एस थ्री गाजला होता. त्यात चार गाभ्यांचा प्रोसेसर आणि आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा होता. पाठोपाठ एस थ्री मिनी आला. नाव तेच, पण प्रोसेसर दोन गाभ्यांचा आणि कॅमेरा पाच मेगापिक्सेलचा. हा आडनावबंधू! याच्या उलट २०१४ च्या सुरुवातीला सोनीने एक्सपेरिया झेड१ कॉम्पॅक्ट आणला. पडदा पाचऐवजी ४.३ इंचांचा आणि बॅटरी ३,००० ऐवजी २,३०० एमएएचची, पण प्रोसेसर तोच, रॅम तेवढीच आणि २०.७ मेगापिक्सेलचा कॅमेराही तोच. हा सख्खा भाऊ.

दुर्दैवाने अशा सख्ख्या भावांची संख्या घटत गेली. सोनीच्या कॉम्पॅक्ट फोनांची ती बिनीची मालिका २०१८ च्या एक्सझेड२ कॉम्पॅक्टनंतर थांबली. आसुसचा झेनफोन १० हा २०२३ साली ५.९ इंचांचा होता, तर २०२४ चा झेनफोन ११ अल्ट्रा एकदम ६.७८ इंचांचा झाला. म्हणून आज ‘छोटा’ म्हणजे सहा-सव्वासहा इंच, अशी नवी व्याख्या आपल्याला स्वीकारावी लागते.

एस२५ या कसोटीला कसा उतरतो? प्रोसेसर दोघांत एकच, स्नॅपड्रॅगन ८ एलीट. रॅम दोघांत १२ जीबी. पाणी आणि धुळीपासून संरक्षणाचा दर्जा एकच. सुरक्षा-अपडेट दोघांनाही सात वर्षे. फरक आहे तो कॅमेऱ्यात, चार्जिंगच्या वेगात (छोट्याला २५ वॅट, मोठ्याला ४५), लिहायच्या पेनात आणि अर्थातच आकारात. थोडक्यात, हा सख्खा भाऊ आहे, फक्त त्याच्या वाट्याला कॅमेऱ्याची इस्टेट जरा कमी आली आहे.

अल्ट्राच्या २०० मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे कौतुक मीही केले. पण आमच्या गेटवर आत जाताना सर्वांच्याच कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. मेगापिक्सेल ५० असोत वा २००, दिवसभर दोघांनाही अंधारच! लग्नमुंजीचे आणि मुलांच्या स्नेहसंमेलनाचे फोटो लांबून काढणाऱ्यांना मात्र मोठ्याची जास्त झूम नक्की उपयोगी पडेल.

बॅटरीचे गणित

छोट्या फोनवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे बॅटरी पुरत नाही. आकडे पाहू. एस२५ मध्ये ४,००० एमएएच, अल्ट्रामध्ये ५,०००, म्हणजे छोट्यात एक-पंचमांश कमी. पडदा ६.२ इंच आणि ६.९ इंच. क्षेत्रफळ काढले तर छोट्याचा पडदाही सुमारे एक-पंचमांशानेच लहान भरतो. पडदा उजळायला वीज कमी लागते, म्हणून नुसते वाचन किंवा नाटकाचे रेकॉर्डिंग बघणे यात दोघे जवळपास बरोबरीने चालतात.

पण खरी मेख पुढे आहे. प्रोसेसर आणि सिग्नल पकडणारा रेडिओ हे काही आकाराने अर्धे झालेले नाहीत. ते दोघांत सारखीच भूक घेऊन बसलेले आहेत. जिथे सिग्नल क्षीण, तिथे फोन जोर लावून टॉवर शोधतो आणि बॅटरी भराभर उतरते. तुआसला पत्र्याच्या आणि काँक्रीटच्या मोठ्या शेडमध्ये हे हमखास घडते. त्यातून पलीकडे जोहोर. सेकंड लिंकच्या बाजूला कधीकधी फोन मलेशियाचे नेटवर्क पकडतो. यावर उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद ठेवावे आणि नेटवर्क स्वतः निवडून आपल्या कंपनीवर कायम करावे. बॅटरीही वाचते आणि बिलाचा धक्काही बसत नाही.

माझा अनुभव असा, की सकाळी सहाला पूर्ण भरून निघालेला छोटा फोन रात्री घरी येईपर्यंत साधारण तिसरा हिस्सा बॅटरी राखून असतो. ज्या दिवशी मुलाच्या लॅपटॉपला हॉटस्पॉट देतो किंवा गाडीत तासभर व्हिडिओ पाहतो, त्या दिवशी पॉवर बँक लागते. सहकाऱ्याच्या अल्ट्राला ती लागलेली मी पाहिली नाही. दिवसभर फिरतीवर असणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. बॅटरी संपणे ही आता किरकोळ गैरसोय राहिलेली नाही. २०२४ साली इथल्या प्रमुख बँकांनी डिजिटल टोकन घेतलेल्या ग्राहकांसाठी लॉगिनचे एसएमएस ओटीपी टप्प्याटप्प्याने बंद करायचे जाहीर केले. फोन मेला की बँकेचे दारही बंद!

हात, मनगट आणि चाळिशी

आमच्या सौ.ना गेल्या वर्षी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटापाशी दुखू लागले. पोळ्या लाटताना कळ यायची. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की अंगठ्याच्या स्नायुबंधावर ताण आला आहे. विश्रांती, काही दिवस पट्टा आणि अंगठ्याने सतत टंकलेखन बंद. अशा दुखण्याला कारणे अनेक असतात, एकट्या फोनवर खापर फोडणे बरोबर नाही. पण जड आणि रुंद फोन एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने पलीकडचा कोपरा गाठणे ही ताणात भर घालणारी सवय आहे, एवढे खरे.

एस२५ चे वजन १६२ ग्रॅम, अल्ट्राचे २१८. फरक ५६ ग्रॅमचा, म्हणजे एका अंड्याएवढा. रुंदी ७०.५ मिलिमीटर आणि ७७.६ मिलिमीटर. कागदावर सात मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पण भरल्या गाडीत एका हाताने दांडी धरून उभे राहिल्यावर ते सात मिलिमीटर अंगठ्याला बरोबर कळतात. दुकानात गेलात तर फोन टेबलावर ठेवून पाहू नका. उभे राहा, एका हातात धरा आणि अंगठा समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पकड न बदलता जातो का ते बघा. बहिणींनी आपल्या हातात धरून पाहावा, यजमानांच्या हातावरून अंदाज करू नये.

आता डोळे. “आम्हाला चाळिशी लागली, आम्हाला मोठाच फोन हवा,” असे बरेच जण म्हणतात. चाळिशीत डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे स्पष्ट दिसेनासे होते. त्यावर उपाय चष्मा, पडदा नव्हे. अक्षरांचा आकार दोन्ही फोनांत वाढवता येतो. अक्षर तेवढेच मोठे ठेवले तर छोट्या पडद्यावर ओळी कमी मावतात, एवढाच फरक. मात्र नकाशा, पगारपत्रक, बँकेचे स्टेटमेंट वा व्हिडिओ कॉलवर चार-पाच चेहरे एकदम पाहायचे असतील तर मोठा पडदा निःसंशय सुखाचा. म्हणून घरातील ज्येष्ठांसाठी छोटा फोन घेण्याची मी घाई करणार नाही. त्यांना फोन बहुधा बसून आणि दोन हातांनीच वापरायचा असतो.

पैशाचा हिशेब

सिंगापुरातील दुकानांच्या सवलती दर आठवड्याला बदलतात, म्हणून तुलनेसाठी अमेरिकेतील जाहीर झालेल्या मूळ किमती घेऊ. २५६ जीबीचा एस२५ तिथे ८५९ डॉलरला आणि तेवढ्याच साठवणुकीचा अल्ट्रा १,२९९ डॉलरला निघाला. फरक ४४० डॉलर. सात वर्षे, म्हणजे ८४ महिने वापरला, तर छोटा महिन्याला सुमारे सव्वादहा डॉलर आणि मोठा साडेपंधरा डॉलर पडतो. तीन-चार वर्षांनी एकदा बॅटरी बदलण्याचा खर्च त्यात धरावा. पण दर दोन वर्षांनी फोन बदलण्याची हौस असेल, तर हा सगळा हिशेब कोलमडतो. हौसेला मोल नसते हे खरे, पण हप्ता असतो!

आमच्याकडे इचलकरंजीचा एक तरुण तंत्रज्ञ आहे. घरी बहिणीच्या शिक्षणासाठी दरमहा पैसे पाठवतो. त्याला दोन वर्षांच्या करारावर अल्ट्रा घ्यायचा होता. “दादा, महिन्याला थोडेच तर जास्त आहेत,” असे त्याचे म्हणणे. मी त्याला एकच प्रश्न विचारला, “तुझ्या पासची मुदत किती उरली?” चौदा महिने. करार चोवीस महिन्यांचा. मध्येच पासचे नूतनीकरण झाले नाही, तर परत जाण्याच्या धांदलीत करार मोडण्याचे शुल्कही भरावे लागणार. मग आम्ही दोघांनी कागदावर मांडणी केली. शेवटी त्याने छोटा फोन रोखीने घेतला आणि कराराविना नुसत्या सिमचा स्वस्त प्लॅन घेतला. वर्क पासवर असलेल्या प्रत्येकाने कराराची मुदत आणि पासची मुदत शेजारी शेजारी लिहून पाहावी.

जुना छोटा फोन स्वस्तात मिळतो, तो घ्यावा का? दोन गोष्टी तपासा. पहिली, नेटवर्क. सिंगापुरात टूजी सेवा २०१७ साली बंद झाली आणि २०२४ पासून थ्रीजीही निवृत्त झाली. आता साधे बोलणेही फोरजीवरूनच होते. त्यासाठी फोनात व्होल्टी लागते, आणि तीही आपल्या टेलिफोन कंपनीशी जुळणारी. झेड१ कॉम्पॅक्टच्या पिढीतला फोन कितीही देखणा असला तरी आता शोकेसमध्येच शोभेल.

दुसरी, सुरक्षा-अपडेट. २०२३ साली सिंगापुरात लोकांना फसवून अँड्रॉइड फोनात घातक ॲप घालायला लावण्याचे १,८९९ प्रकार पोलिसांकडे नोंदले गेले आणि किमान ३ कोटी ४१ लाख डॉलर गेले. अपडेट हे त्यावरचे पूर्ण कवच नाही. अनोळखी दुव्यावरून ॲप न घेणे हेच पहिले पथ्य. पण अपडेट संपलेला फोन म्हणजे कडी मोडलेले दार. २०२३ च्या एस२३ ला सुरक्षा-अपडेट पाच वर्षे, म्हणजे २०२८ पर्यंत आहेत. वापरलेला फोन घेताना किंमत भागिले उरलेली वर्षे, असा भागाकार करावा.

आणखी एक सूचना. फोन बदलला की बँकेचे डिजिटल टोकन नव्या फोनावर घ्यावे लागते, आणि सुरक्षिततेसाठी ते चालू व्हायला किमान बारा तासांचा अवधी २०२२ पासून ठेवलेला आहे. म्हणून भाडे भरायच्या दिवशी किंवा मुंबईच्या विमानाच्या आदल्या रात्री नवा फोन सुरू करू नये.

तात्पर्य

ज्यांचा दिवस उभ्याने, प्रवासात आणि एका हाताने जातो, ज्यांचे हात लहान किंवा मनगट नाजूक आहे आणि ज्यांना पैसे वाचवून चांगला फोन दीर्घकाळ वापरायचा आहे, त्यांनी छोटा बिनीचा फोन निःशंक घ्यावा. ज्यांची करमणूक आणि कार्यालय दोन्ही फोनातच आहे, जे दिवसभर चार्जरपासून दूर असतात किंवा ज्यांना फोटोग्राफीचा छंद आहे, त्यांनी मोठा घ्यावा. आणि ज्यांचा आहे तो फोन अजून अपडेट घेतो आहे आणि दिवसभर टिकतो आहे, त्यांनी काहीच घेऊ नये. सर्वांत स्वस्त फोन तोच!

दुकानात जाताना चार प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्यावेत. प्रोसेसर मोठ्या भावाचाच आहे का? अपडेट कोणत्या सालापर्यंत? करार किती महिन्यांचा? आणि अंगठा कोपऱ्यापर्यंत पोहोचतो का? चारही उत्तरे मिळाल्याशिवाय पाकिटाला हात घालू नये. सभासदांनी आपापले अनुभव मंडळाकडे जरूर लिहून पाठवावेत. विशेषतः आई-वडिलांसाठी कोणता फोन सोयीचा ठरला, हे वाचायला अनेकांना आवडेल.