एस्टरीकरण

एस्टरीकरण : अल्कोहॉल व अम्ल यांच्या विक्रियेने एस्टर व पाणी तयार होण्याच्या क्रियेस एस्टरीकरण म्हणतात. उदा., एथिल अल्कोहॉल व ॲसिटिक अम्ल यांपासून एथिल ॲसिटेट हे सुवासिक एस्टर मिळते. पिकलेल्या केळ्याच्या वासातील एक प्रमुख घटक, आयसोअमिल ॲसिटेट, हे एस्टरच होय. तेले व चरबी ही ग्लिसरीन या अल्कोहॉलाची वसाम्लांशी बनलेली एस्टरे आहेत.

विक्रियेत निघणाऱ्या पाण्यातील ऑक्सिजन अम्लाचा की अल्कोहॉलाचा, हा प्रश्न १९३८ मध्ये रॉबर्ट्‌स व यूरी यांनी सोडविला. ऑक्सिजनाच्या १८ भारांकाच्या समस्थानिकाने युक्त असे मिथिल अल्कोहॉल त्यांनी बेंझॉइक अम्लाबरोबर वापरले. तो समस्थानिक पाण्यात न येता एस्टरात आढळला. म्हणजेच हायड्रॉक्सिल गट अम्लाच्या रेणूतून निघून जातो.

समतोल : एस्टरीकरण ही व्युत्क्रमी विक्रिया आहे. तयार झालेले पाणी एस्टराचे पुन्हा विच्छेदन करू लागते व दोन्ही विक्रियांचे वेग समान झाले की समतोल साधतो. एथिल अल्कोहॉल व ॲसिटिक अम्ल समान ग्रॅम-रेणू प्रमाणात घेतल्यास सु. दोन-तृतीयांश भागाचेच एस्टर बनते, असे बेर्तलो व पेआँ द सँ-झील यांना १८६२ च्या सुमारास आढळले. १८९५ मध्ये फिशर व श्पायर यांनी अल्प प्रमाणात तीव्र अम्ल वापरून विक्रिया जलद घडविण्याची पद्धत मांडली. उत्प्रेरकाने समतोल लवकर येतो, पण त्याचे स्थान बदलत नाही. ते बदलण्यासाठी एक विक्रियाकारक जादा घेतात किंवा पाणी अथवा एस्टर सतत काढून टाकतात. वरील उदाहरणात अल्कोहॉल तिप्पट घेतल्यास सु. ९०% अम्लाचे एस्टर होते.

जलीय विच्छेदन : उलट दिशेची विक्रियाही तितकीच महत्त्वाची आहे. तेलावर दाहक सोड्याची क्रिया केल्यास ग्लिसरीन व वसाम्लाचे लवण, म्हणजे साबण, मिळतो. या लवणाची अल्कोहॉलाशी विक्रिया होत नसल्याने ही क्रिया पूर्णत्वास जाते.

हेच विच्छेदन नको असताना घडले की हानी होते. सेल्युलोजाच्या रेणूत अनेक हायड्रॉक्सिल गट असून त्याच्या ॲसिटेट एस्टरापासून विसाव्या शतकातील असंख्य चित्रपटांच्या फिती बनविलेल्या होत्या. उष्ण व दमट हवेत या एस्टराचे हळूहळू विच्छेदन होऊन ॲसिटिक अम्ल सुटते. ते स्वतःच उत्प्रेरक असल्याने ऱ्हास उत्तरोत्तर वाढतो. फीत आकसते, ठिसूळ होते व तिला शिरक्याचा वास येऊ लागतो. गेलेला ॲसिटिल गट फितीत परत बसविता येत नाही. म्हणून अशा फिती थंड व कोरड्या जागी ठेवून विच्छेदनाचा वेग कमी करणे आणि वेळीच त्यांच्या प्रती काढणे, एवढेच हाती राहते.