ठिपके जुळले म्हणजे टायमिंग लागलं असं नाही
जुनं इंजिन बांधताना : भाग ६

मागच्या भागात एमजीबीचं हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून घेतले. आता कॅमशाफ्ट. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेल्या या टू-सीटरचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या ‘बी-सिरीज’मधलं. आपल्या ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातलं. त्यामुळे ज्याने ॲम्बॅसेडर खोलली आहे, त्याला एमजीबीच्या बॉनेटखाली परकं वाटत नाही. कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात, त्यावर टॅपेट, टॅपेटवर पुशरॉड आणि सगळ्यांच्या वर रॉकर.

कंपनीने बसवलेला कॅम समजूतदार आहे. पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या १६ अंश आधी इनलेट उघडतो आणि खालचं टोक ओलांडल्यावर ५६ अंशांनी मिटतो. एक्झॉस्ट खालच्या टोकाच्या ५१ अंश आधी उघडतो, वरच्या टोकानंतर २१ अंशांनी मिटतो. म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहतात ते क्रँकच्या ३७ अंशांपुरते. यालाच ओव्हरलॅप म्हणतात. आता समजा, २८० अंशांचा, म्हणजे व्हॉल्व्ह क्रँकचे २८० अंश उघडा ठेवणारा, कॅम घेतला आणि इनलेट, एक्झॉस्ट दोन्हींची पूर्ण उघडीप वरच्या टोकापासून १०६ अंशांवर धरली. इनलेट ३४ अंश आधी उघडेल, ६६ अंशांनंतर मिटेल आणि ओव्हरलॅप जाईल ६८ अंशांवर. जवळपास दुप्पट.

इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर असताना हे फायद्याचं ठरतं. आत येणाऱ्या हवेला तेव्हा चांगलाच वेग असतो, पिस्टन वर निघाला तरी ती शिरत राहते. दार थोडं उशिरा बंद झालेलंच बरं. पण सिग्नलला स्लोवर उभ्या असलेल्या गाडीत त्या हवेला जोर नसतो. भरलेलं मिश्रण उलटं कार्ब्युरेटरकडे ढकललं जातं, जळालेला गॅस इनलेटमध्ये घुसतो, गाडी थरथरते आणि खालचा पिकअप जातो. रोज रस्त्यावर काढायच्या गाडीला ३०० अंशांचा रेसिंग कॅम लावणं मला हौसेपेक्षा हट्टाचं वाटतं. २६० ते २८० अंशांच्या दरम्यान थांबावं.

जुना कॅम काढण्यात मेहनत आहे, गूढ काही नाही. रेडिएटर, पुली, टायमिंग कव्हर, चेन आणि स्प्रॉकेट काढायचे. डिस्ट्रिब्युटरचा खालचा दांडा कॅमच्या दातांत अडकलेला असतो. त्याच्या डोक्यात आटे असतात. टॅपेट कव्हरचाच एक बोल्ट त्यात फिरवून तो वर ओढून काढता येतो. ऑइल पंपही कॅमवरच चालतो, म्हणून खालचं चेंबर उतरवावं लागतं. टॅपेट बाजूच्या कव्हरमधून निघतात. ते जपून ठेवण्याचा मोह होतो, तो आवरावा. टॅपेटचा तळ अगदी किंचित फुगीर आणि लोब किंचित उतरता घासलेला असतो, त्यामुळे टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरतो आणि दोघं एकमेकांशी जुळून झिजतात. जुन्या लोबशी जुळलेला टॅपेट नव्या कॅमवर ठेवला तर तो नवा लोब खाऊन टाकतो. नवा कॅम म्हणजे नवे टॅपेट, इथे काटकसर नको.

आता टायमिंग. दोन्ही स्प्रॉकेटवर ठिपके असतात. ते समोरासमोर आणून चेन चढवली की काम झालं, असं बहुतेक गॅरेजमध्ये धरलं जातं. कंपनीच्या कॅमला ते चालून जातं. बदललेल्या कॅमच्या बाबतीत मात्र ठिपके एवढंच सांगतात की दात चुकलेला नाही. चावीची खाच, स्प्रॉकेट, चेन, कॅम घासणाऱ्याची मशीन, प्रत्येकाची थोडी थोडी तफावत एकत्र येते आणि क्रँकचे चार-पाच अंश सहज इकडेतिकडे होतात. म्हणून मोजायचं.

क्रँकच्या टोकावर अंशांची चकती बसवा आणि तारेचा काटा करा. पिस्टन डोळ्यांना वर आलेला दिसला म्हणजे टीडीसी, अर्थात नेमकं वरचं टोक, सापडला असं समजू नका. तिथे क्रँक बरीच फिरली तरी पिस्टन जागचा हलल्यासारखा दिसत नाही. हेड उतरलेलंच आहे, तर पहिल्या सिलिंडरवर आडवी पट्टी बांधून तिच्यातून एक बोल्ट खाली सोडा, पिस्टन त्याला अडेल असा. एका दिशेने अडेपर्यंत फिरवा, आकडा लिहा; मग उलट्या दिशेने. एका बाजूला ३२ आणि दुसऱ्या बाजूला ३६ आले, तर काटा सरकवून दोन्हीकडे ३४ करा. आता चकतीवरचा शून्य खरा.

पुढून मोजलं तर पहिला व्हॉल्व्ह एक्झॉस्टचा आणि दुसरा इनलेटचा. दुसऱ्या टॅपेटमध्ये पुशरॉड ठेवून त्याच्या डोक्यावर, त्याच रेषेत, डायल गेज लावा. इथेही तीच अडचण: लोबच्या शेंड्याशी काटा थबकतो, नेमका शेंडा कळत नाही. म्हणून पूर्ण उचलीच्या ५० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अलीकडचा आणि तेवढाच पलीकडचा अंश घ्या. ६८ आणि १४६ आले, तर बेरजेच्या निम्मे १०७. फिरवायचं मात्र कायम इंजिन चालतं त्याच दिशेने, समोरून बघता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. जरा पुढे गेलं म्हणून मागे घेतलंत, तर चेनचा ढिलेपणा मोजमापात शिरतो. त्यापेक्षा पुन्हा एक पूर्ण फेरा द्या.

कॅमसोबत येणाऱ्या कार्डावर १०६ असेल आणि तुमच्याकडे ११० आले, तर कॅम ४ अंश मागे आहे. खालचा ओढा हवा असेल तर एखादा अंश पुढे ठेवावा, पण मागे कधी नाही, निदान रस्त्यावरच्या गाडीत. दुरुस्तीसाठी वाकडी चावी किंवा सरकवता येणारं स्प्रॉकेट मिळतं. चावी घेताना तिच्यावरचे अंश क्रँकचे की कॅमचे हे विचारून घ्या. कॅम निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे क्रँकचे ४ म्हणजे कॅमचे २.

हेड चढवण्याआधी पिस्टनच्या डोक्यावर प्लॅस्टिसिनचा गोळा ठेवा, जुन्या गॅस्केटवर हेड आवळा, टॅपेट सेट करून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. हेड उचलून गोळा कापा. इनलेटखाली निदान दीड मिलिमीटर आणि एक्झॉस्टखाली दोन मिलिमीटर जाडी उरली पाहिजे. जास्त उचल असेल तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, हेही पाहा. टॅपेट सेट करताना नऊचा नियम: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला, सातवा असताना दुसरा, बेरीज नेहमी नऊ. फट मात्र नव्या कॅमच्या कार्डावरची.

लोबवर आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमचं ग्रीस भरपूर चोपडा. प्लग काढून स्टार्टरवर इंजिन फिरवा, ऑइल प्रेशरचा काटा उठला की मगच प्लग लावा. पहिली वीस मिनिटं सगळ्यांत जोखमीची. लोबवर ऑइल उडतं ते मुख्यतः क्रँकच्या फिरण्याने. स्लोवर ते पुरेसं उडत नाही आणि कोरा लोब तिथेच घासला जातो. त्यामुळे सुरू होताच रेस २००० ते २५०० वर न्यायची आणि वर-खाली करत तिथेच ठेवायची. इग्निशन, पेट्रोल, रेडिएटरचं पाणी सगळं आधीच तयार हवं. सुरू करून मग टायमिंग लाइट शोधत बसायला वेळ नसतो. ऑइल जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं, जुन्या इंजिनांसाठीचं घ्या.

एवढं झाल्यावरही गाडी मधल्या रेसला अडखळेल, कारण कार्ब्युरेटरच्या सुया अजून जुन्या कॅमच्या हिशोबाच्या आहेत. त्या बदलण्याचं पुढच्या आठवड्यात.