केंद्रकातला आरएनए : भिंतींशिवायची व्यवस्था

शाळेच्या आकृतीत केंद्रक म्हणजे एक गोल, आत गुणसूत्रांचे धागे आणि एक गडद ठिपका. परीक्षेपुरती ती पुरते, पण तिच्यामुळे काही समजुती पक्क्या होऊन बसतात.

गैरसमज : आधी सगळा आरएनए लिहून होतो, मग त्याची काटछाट होते.

पुस्तकात पायऱ्या एकाखाली एक छापलेल्या असतात, म्हणून तसे वाटते. स्नायूंना आधार देणाऱ्या डिस्ट्रॉफिन प्रथिनाचे जनुक पाहा. एक्स गुणसूत्रावरचे हे जनुक सुमारे २२ लाख अक्षरांचे आहे. त्याचे एक प्रतिलेखन, म्हणजे त्यावरून आरएनए लिहिणे, पुरे व्हायला साधारण १६ तास लागतात, आणि केंद्रकाबाहेर जातो तो संदेश जेमतेम १४ हजार अक्षरांचा! उरलेले जवळजवळ सारे इन्ट्रॉन, म्हणजे कापून टाकायचा भाग. ही कापाकापी १६ तास खोळंबून राहत नाही. आरएनए पॉलिमरेज-२ हे विकर जनुकावरून पुढे सरकत असतानाच बाहेर पडलेल्या टोकावर टोपी चढते आणि मागचे इन्ट्रॉन निघू लागतात. काही नंतर निघतात, पण बरेचसे तेव्हाच. याची सोय विकरातच आहे. त्याला एक लांब शेपटी असते. माणसात सात अमिनो आम्लांचा क्रम तिच्यात थोड्याफार फरकाने ५२ वेळा येतो. टोपी चढवणारी, कापणारी आणि शेवटचे टोक पुरे करणारी प्रथिने याच शेपटीपाशी जमतात.

गैरसमज : केंद्रकी हे रायबोझोमचे कोठार आहे.

आकृतीतला तो गडद ठिपका म्हणजे केंद्रकी. ती कोठार नव्हे, तिथे रायबोझोम घडतात. माणसात १३, १४, १५, २१ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांवरच्या जनुकांभोवती केंद्रकी जमते. तिथे एक लांब आरएनए तयार होतो, त्यातून तीन तुकडे कापून निघतात, त्यांच्यावर प्रथिने बसतात. रायबोझोमचे दोन भाग केंद्रकातून वेगवेगळे बाहेर पडतात. पेशीविभाजनात हे प्रतिलेखन थांबते आणि केंद्रकी विरते. काम सुरू झाले की ती पुन्हा उभी राहते.

गैरसमज : केंद्रकातल्या केंद्रकीसारख्या कप्प्यांना पडदा असतो.

एकालाही नाही. बेडकाच्या अंडपेशीतल्या केंद्रकी एकमेकींना भिडल्या की रश्श्यावरच्या तेलाच्या थेंबांसारख्या एक होतात, हे २०११ मध्ये दाखवले गेले. अर्थात, यावरून केंद्रकातली प्रत्येक गोष्ट ‘थेंब’ ठरवण्याची घाई करू नये. त्यावर अजून वाद आहेत.

गैरसमज : इन्ट्रॉन कापणारी प्रथिने जिथे दाटतात, तिथेच सगळी कापणी होते.

या प्रथिनांचे ठिपके, म्हणजे ‘स्पेकल’, सूक्ष्मदर्शकातून ठळक दिसतात, म्हणून हा समज. सक्रिय जनुके मात्र बहुधा त्यांच्या काठाशी किंवा आणखी दूर असतात, आणि प्रथिने ठिपक्यांतून तिकडे सतत ये-जा करतात. औषधाने प्रतिलेखन बंद पाडले, तर हे ठिपके फुगून गोल होतात. गिऱ्हाईक नसल्याने माल आतच पडून राहतो.

गैरसमज : आरएनए फक्त निरोप्या.

पॅरास्पेकल नावाचे छोटे कण २००२ मध्ये सापडले. त्यांचा सांगाडा प्रथिनाचा नसून ‘नीट-१’ या आरएनएचा आहे, आणि या आरएनएपासून कोणतेही प्रथिन बनत नाही. पेशीने तो बनवणे थांबवले, तर पॅरास्पेकलही उरत नाहीत.