जुनी चेतक घेताय? आधी खाली वाकून बघा!

जुनी बजाज चेतक घ्यायची, नीट करायची आणि विकायची, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. बजेट कमी असेल तर एकच लक्षात ठेवा : इंजिन शेवटी बघायचं.

मी उलटं केलं. एका किकमध्ये चालू झाली म्हणून घेतली. घरी येऊन पायाखालचं मॅट उचललं, तर पत्रा बोटाने फुटला!

आपल्या आचऱ्यात खारा वारा लोखंड खातो. त्यात चेतकला वेगळी फ्रेम नाही, पत्र्याची बॉडी हीच फ्रेम. खालचा पत्रा सडला म्हणजे गाडीचा कणाच गेला. बुलेटला नळ्यांची फ्रेम असते, तिचं मडगार्ड सडलं तर नवीन बसवता येतं.

म्हणून क्रम असा :

१. पत्रा : मॅट उचला, स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. ताजा रंग दिसला तर जास्त संशय घ्या.

२. कागद : चासी नंबर आरसीशी जुळवा. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं, पुढे दर ५ वर्षांनी. ते झालंय का विचारा.

३. इंजिन : पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट बदलता येतात. मेकॅनिक खर्च आधी सांगू शकतो. सडक्या पत्र्याचा नाही सांगू शकत.

समजा, हातात ३० हजार आहेत. गाडीला १० च्या वर देऊ नका. १५ कामाला ठेवा, ५ बाजूला.

माझी स्कूटर शेवटी भंगाराच्या भावाने गेली. तुमची जायला नको.