स्वतःच काढलेली पगार स्लिप

तिरोडीत मॉयलच्या मँगनीज खाणीवर कामाला असलेल्या माणसाला आपली कमाई दाखवायला फार खटपट लागत नाही. पगार स्लिप, फॉर्म १६ आणि पासबुक पुढे केलं की काम होतं. अशा घरातली एखादी मुलगी लग्न होऊन इंग्लंडला जाते, पुढे नवराबायको मिळून छोटी लिमिटेड कंपनी काढतात. पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करायची वेळ आली की घरून सल्ला जातो, 'कंपनी तुमचीच आहे ना, मग काढा स्लिपा आणि लावा अर्जाला.'

स्लिपा लागतात हे खरं. पण मॉयलची स्लिप कामगाराने स्वतः बनवलेली नसते. घरच्या कंपनीत पगार देणारा आणि घेणारा एकच. म्हणून ब्रिटनच्या नियमांत तिच्यासाठी वेगळी वाट आहे. शेअर्स स्वतःकडे, जोडीदाराकडे किंवा कुटुंबीयांकडे असतील आणि बाहेरचे भागधारक पाचांपेक्षा कमी असतील, तर त्या संचालकाला साधा नोकरदार धरत नाहीत. कंपनीचं नुकतंच संपलेलं पूर्ण आर्थिक वर्ष पाहतात, किंवा शेवटच्या दोन वर्षांची सरासरी.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज नफ्याचा. कंपनीला नफा झाला म्हणजे तो आपलाच, असं मालकाला वाटणं साहजिक आहे. कायद्याला मात्र कंपनी ही निराळी व्यक्ती वाटते. तिच्या खात्यात राहिलेला पैसा तुमचं उत्पन्न नाही. मोजतात ते फक्त तुम्ही घेतलेला पगार, तोही कर कापण्यापूर्वीचा, आणि तुम्हाला मिळालेला लाभांश. समजा, कर वाचावा म्हणून वर्षाला १२,५७० पौंड पगार घेतला, १०,००० लाभांश घेतला आणि ३५,००० कंपनीत ठेवले. उत्पन्न धरलं जाईल २२,५७०. उत्पन्नाची किमान मर्यादा ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० पौंड आहे. त्या तारखेआधी याच जोडीदाराच्या आधारे पहिला अर्ज केलेल्यांना जुनी १८,६०० चीच लागू राहते. म्हणजे भरभराटीची कंपनी असूनही नव्या मर्यादेत अर्ज अडकतो. करासाठी अकाउंटंटने दिलेला सल्ला चुकीचा नव्हता, पण त्याला या अर्जाबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं. वर्ष संपल्यावर हे दुरुस्त करता येत नाही. जोडीदारही त्याच कंपनीतून पगार घेत असेल तर तो जमेस धरता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

'सीएचं पत्र जोडलं की झालं' हेही खरं नाही. कंपनीचा कर-विवरण अर्ज सीटी६००, हिशेब आणि त्यावर अकाउंटंटचं प्रमाणपत्र, कंपनीज हाउस या नोंदणी कार्यालयातली संचालकपदाची नोंद, त्याच बारा महिन्यांचं कंपनीचं बँक स्टेटमेंट, शिवाय स्लिपा, पी६० (तिथलं फॉर्म १६), प्रत्येक लाभांशाचं व्हाउचर आणि स्वतःच्या खात्याचं स्टेटमेंट, इतकं सगळं मागतात. एकच रक्कम कंपनीच्या वहीत, कंपनीच्या बँकेत आणि तुमच्या खात्यात दिसावी लागते. व्हाउचर आहे पण खात्यात जमा नाही, असा लाभांश सिद्ध होत नाही.

आपल्याकडची एप्रिल ते मार्चची सवयही घात करते. पी६० ब्रिटनच्या करवर्षाचं असतं, ६ एप्रिल ते ५ एप्रिल. कंपनीचं वर्ष भलत्याच महिन्यात संपत असू शकतं, आणि स्टेटमेंटं कंपनीच्या वर्षाची लागतात.

उत्पन्न कमी पडलं की इकडे आईवडील शेत विकून पैसे पाठवायला निघतात. भेट म्हणून आलेला पैसा सहा महिने स्वतःच्या खात्यात राहिला तर बचत धरतात, पण घरच्या कंपनीतून मिळणाऱ्या उत्पन्नाची तूट त्या बचतीने भरून काढता येत नाही. तेव्हा शेताचा सौदा करण्याआधी मुलीला एवढं विचारा, कंपनीचं वर्ष कुठल्या महिन्यात संपतं, आणि त्याला अजून किती दिवस आहेत.